पाटोळ्यांच्या घरची साखळी प्रार्थना

“हे दयाळू पित्या,” माझी आई डोळे घट्ट मिटून म्हणाली, “ज्यांचा हात सढळ आहे पण मोजमाप ठाऊक नाही, अशा तुझ्या लेकींना सांभाळ. त्यांना सत्य ऐकायचं बळ दे. येशूच्या नावाने मागते, आमेन.”

“आमेन,” सगळे म्हणाले.

चार माणसं सोडून पलीकडे मार्थामावशींनी घसा खाकरला. मधल्या चौघांनी आपापल्या प्रार्थना घाईघाईने उरकल्या. पुढे काय येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि वाट अडवायची कुणाची इच्छा नव्हती.

“हे प्रभू,” मार्थामावशी म्हणाल्या, “ज्यांच्या जिभेला तू चव दिलीस पण लगाम द्यायचा राहून गेला, त्यांना क्षमा कर. त्यांचं वय झालंय. आमेन.”

“आमेन,” सगळे म्हणाले. मीही म्हणालो. आईने मला कोपर मारलं.

माझी आई एस्तेर त्रिभुवन आणि मार्था पाटोळे, या दोघी सात वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. जे काही बोलायचं ते दर गुरुवारी, घरप्रार्थनेत, देवामार्फत.

या गोष्टीला आता तेवीस वर्षं झाली. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात मिशन कंपाउंडमधली पन्नासेक घरं म्हणजे आमची मंडळी. आठवडा ठरलेला असायचा. रविवारी संडे स्कूल आणि उपासना, बुधवारी शास्त्राभ्यास, शनिवारी गाण्याची तालीम, आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला आळीपाळीने कुणाच्या तरी घरी प्रार्थना. सतरंजीवर गोल करून बसायचं, दोन गीतं म्हणायची, पाळकसाहेब एक उतारा वाचून समजावणार आणि मग साखळी प्रार्थना. साखळी म्हणजे पाळकसाहेबांपासून ओळीने एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. ज्याला धीर होत नसेल त्याने नुसतं ‘आमेन’ म्हणायचं, की पुढचा सुरू. कुणाची प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नाही आणि डोळे उघडायचे नाहीत, हे आम्हांला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. भांडायला याच्याइतकी सोयीची जागा मी दुसरी पाहिलेली नाही. समोरच्याला तोंड उघडता येत नाही, उठून जाता येत नाही, आणि वर शेवटी आमेन म्हणावं लागतं.

सुरुवातीला दोघी एकाच साखळीत दोनदा, तीनदा प्रार्थना करायच्या. एकदा गुलाबकाकांच्या घरी सात फेऱ्या झाल्या आणि चहा तीनदा गरम करावा लागला. तेव्हा आमच्या ओहोळ पाळकसाहेबांनी नियम केला. एका माणसाने एकदाच प्रार्थना करायची, साखळी पुन्हा फिरणार नाही. मग भांडण बसायच्या जागेवरून सुरू झालं, कारण जी नंतर बसेल तिचा शब्द शेवटचा. दोघी दाराबाहेर चपला काढत ताटकळायच्या, पण आधी आत जायच्या नाहीत. त्यावर पाळकसाहेबांनी दुसरा नियम केला की ज्यांच्या घरी प्रार्थना असेल त्या घरची माणसं स्वयंपाकघराच्या दाराशी सगळ्यांत शेवटी बसतील. त्यामुळे आमच्या घरी आई जिंकायची आणि त्यांच्या घरी मार्थामावशी. बाकीच्या घरी नशीब.

आणि हे सगळं कशावरून, तर मिठावरून. त्याआधी दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी. मिशनच्या बोर्डिंगात एका खोलीत वाढलेल्या, एकीच्या लग्नात दुसरीने रडून रडून आवाज घालवलेला. मी सांगतोय त्याच्या सात वर्षं आधी मंडळीच्या प्रीतिभोजनाला खुद्द बिशपसाहेब आले होते आणि मटणाचं पातेलं मार्थामावशींकडे होतं. बिशपसाहेबांनी पहिला घास घेतला, चेहरा आवरला आणि पाणी मागितलं. शेजारी वाढायला उभी असलेली माझी आई सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मीठ फार झालंय हो साहेब. मार्थाचा हात आज सुटला.” नाव प्रीतिभोजन, आणि त्या दिवसापासून दोघींची तोंडं दोन दिशांना.

मला या भांडणाची गंमत वाटायची. म्हणजे मी मार्थामावशींच्या सुवार्ताच्या प्रेमात पडेपर्यंत वाटायची.

सुवार्ता आणि मी संडे स्कूलला एकाच वर्गाला शिकवायचो. ती शिकवायची आणि मी मुलांना चित्रं वाटायचो, असं म्हटलं तर जास्त खरं. ती बोलायला फटकळ, चालायला जलद, आणि मी आधी तीनदा मनात घोकल्याशिवाय दुकानदाराला साबणसुद्धा न मागणारा. तरी वर्षभरात आमचं जमलं. कसं जमलं ते मलाही नीटसं सांगता येणार नाही. बहुधा तिने जमवलं.

त्या बुधवारी शास्त्राभ्यास संपल्यावर तिने मला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं.

“परवा दिवशी... नाही, शनिवारी नाशिकचे पाहुणे येताहेत,” ती म्हणाली. “मला बघायला.”

माझ्या हातातलं बायबल खाली पडता पडता राहिलं.

“मग आता?”

“मला काय विचारतोस? आईशी बोल. शनिवारच्या आत.”

“तूच का सांगत नाहीस?”

“मी सांगितलं तर ती म्हणेल पोरीनेच ठरवलं आणि पोरगा तोंड लपवून बसला. आणि ते खरंच असेल.” ती माझ्याकडे बघत राहिली. “उल्हास, तुला देवाने तोंड दिलंय ना? मग एकदा उघड. नाहीतर नाशिकवाल्यांना चहा मी स्वतः नेऊन देईन आणि ‘हो’ म्हणेन. आयुष्यभर प्रार्थनेत नुसतं आमेन म्हणणाऱ्याची बायको मला व्हायचं नाही.”

हे लागलं, कारण खरं होतं. सव्वीस वर्षांचा झालो तरी मी साखळीत कधी तोंड उघडलेलं नव्हतं. माझी पाळी आली की ‘आमेन’, आणि गाडी पुढे. माझ्या शेजारी नेहमी गुलाबकाका बसायचे, ते तर माझं आमेन व्हायच्या आधीच सुरू करायचे.

घरी जाऊन आईपुढे विषय काढून बघितला. “आई, पाटोळ्यांची सुवार्ता...” एवढंच म्हणालो.

“त्या घरचं नाव माझ्यापुढे घेऊ नकोस,” आई म्हणाली. मग दुसरी भाकरी थापायला घेतली. “तिचं काय?”

“काही नाही.”

असा मी.

गुरुवार आला. प्रार्थना नेमकी पाटोळ्यांच्याच घरी होती. मी ठरवून टाकलं की अर्धा तास आधी जायचं आणि मार्थामावशींना एकट्या गाठून सांगायचं. अर्धा तास आधी गेलोही. त्यांनी दार उघडलं.

“काय रे उल्हास, लवकर?”

मी म्हणालो, “सतरंजी घालायला आलो.”

सतरंजी घातली, सुरकुत्या काढल्या, पुन्हा गुंडाळली आणि पुन्हा घातली. सुवार्ता स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती. तिने एकदा भुवया उंचावून विचारलं, मी मान हलवली. तिने बशा आपटल्या. तेवढ्यात याकोबदादा आले. आमच्या चर्चच्या पंचांतले सगळ्यांत जुने. त्यांच्या मागून पाळकसाहेब, मग सगळेच. वेळ गेली.

गीतं झाली, उतारा झाला, साखळी सुरू झाली. पाळकसाहेब, मग याकोबदादा. दादांची प्रार्थना नेहमी जगाच्या राज्यकर्त्यांपासून निघायची आणि तालुक्यात पोचेपर्यंत ऐकणाऱ्यांचे पाय आखडायचे. मग आईची पाळी.

“हे प्रभू, या घरावर तुझा आशीर्वाद असू दे. शनिवारी इथे पाहुणे येताहेत असं कानावर आलं. त्यांच्या ताटात काय पडेल ते तू आधी चाखून बघ. आमेन.”

“आमेन.”

आता मी. गुलाबकाकांनी सवयीप्रमाणे सुरू केलं, “हे कृपाळू...”

“हे प्रभू,” मी म्हणालो.

गुलाबकाका दचकून थांबले. आत स्टोव्हवर चहा उकळतोय ते ऐकू यायला लागलं.

“हे प्रभू, तू सगळं जाणतोस. शनिवारी नाशिकचे पाहुणे येणार आहेत. त्यांचा प्रवास... त्यांचा प्रवास सुखाचा कर, पण दुसरीकडे कुठेतरी. सुवार्ताशी लग्न करायची माझी इच्छा आहे. मार्थामावशींना सांगायला मी आज अर्धा तास आधी आलो होतो, पण मी सतरंजी घातली. मला धीर होत नाही. आता तूच त्यांना सांग. येशूच्या नावाने मागतो, आमेन.”

“आमेन!” अख्खी खोली म्हणाली.

सगळ्यांत खणखणीत आमेन मार्थामावशींचं होतं. ते उच्चारून झाल्यावर आपण कशाला आमेन म्हटलं ते एकेकाच्या ध्यानात यायला लागलं. कुणीतरी “अगं बाई!” म्हणालं आणि लगेच तोंडावर हात दाबल्याचा आवाज आला. आईचं कोपर माझ्या बरगडीत येऊन रुतलं आणि तिथेच राहिलं. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर पाळकसाहेबही एका डोळ्याने माझ्याकडेच बघत होते. दोघांनीही डोळे मिटून घेतले.

पण साखळी ती साखळी. गुलाबकाकांनी आपल्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली, नेहमीच्या निम्म्या वेळात. पुढच्या तिघांनी नुसतं आमेन म्हटलं. मग पाळी स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली.

मार्थामावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“हे प्रभू,” त्या म्हणाल्या, “मघाशी मी आमेन म्हटलं ते सवयीने म्हटलं. ते तू मनावर घेऊ नकोस.”

कुणीतरी हसू दाबलं.

“पोरगा वाईट नाही, हे मी तुझ्यासमोर कबूल करते. बोलत नाही, पण दारू पीत नाही. कारखान्यात आहे, पण कायम आहे की हंगामी, ते तुलाच ठाऊक.”

“मार्चमध्ये कायम झालो,” मी म्हणालो. माझ्या तोंडून निघूनच गेलं.

पाळकसाहेब खाकरले.

“बरं,” मार्थामावशी म्हणाल्या. देवाला की मला, ते कळलं नाही. मग त्यांचा आवाज बदलला. “पण प्रभू, त्या घरात लेक द्यायची कशी? सात वर्षं झाली. दर गुरुवारी मी तिचा आवाज ऐकते, तो तुझ्या नावाने आलेला. माझ्या नावाने एकदाही आला नाही. माझे मालक गेले तेव्हा ती आली होती. कबरस्तानात माझ्या शेजारी उभी राहिली, माझ्याइतकीच रडली, आणि एक शब्द न बोलता निघून गेली. त्या दिवशी मला कुणाशी बोलायचं होतं ते तुला माहीत आहे. बोर्डिंगात आम्ही एका पांघरुणात झोपलोय. मला मानपान नको, देणं-घेणं नको. तिने एकदा मला ‘मार्था’ म्हणावं. मग लेकीचं बघू.”

पुढे आमेन आलं नाही. त्या थांबल्या होत्या, पण संपवलं नव्हतं.

माझ्या बरगडीतलं कोपर हललं. आईला बोलायचं होतं, हे मला शेजारी बसून कळत होतं. तिचा श्वास वरखाली होत होता. पण तिची पाळी झाली होती, एका माणसाने एकदाच. पुढचा गुरुवार आठ दिवसांवर आणि पाहुणे परवा. देवामार्फत जायची वाट बंद.

“मार्था,” आई म्हणाली.

मी डोळे उघडले. सगळ्यांनीच उघडले, फक्त याकोबदादांनी आणि मार्थामावशींनी नाही. आईचे डोळे उघडे होते आणि ती समोर बघत होती. कुणाची प्रार्थना चालू असताना माझ्या आईने मध्ये तोंड उघडल्याचं मी जन्मात ऐकलेलं नव्हतं.

“मार्था, मीठ खरंच जास्त होतं.”

“एस्तेरबाई,” पाळकसाहेब विनवणीच्या सुरात म्हणाले.

“थांबा हो पाळकसाहेब. मीठ जास्त होतं, कारण ते दोनदा पडलं होतं. तू बिशपसाहेबांच्या स्वागताला गेलीस, मला वाटलं तू घालायची विसरलीस, म्हणून मी मूठभर घातलं. पंगतीत साहेबांचं तोंड बघितलं. म्हटलं आता सगळे मला विचारतील. त्याच्या आत तुझं नाव घेऊन मोकळी झाले.” आईचा आवाज चिरकला. “नंतर सांगायला आले होते गं दुसऱ्या दिवशी. तू दार लावून घेतलंस. मग मलाही राग आला. मग सांगायचं राहिलं, आणि राहिलं ते राहिलंच.”

मार्थामावशींचे डोळे अजून मिटलेलेच होते. गालांवरून पाणी ओघळत होतं.

“हे प्रभू,” त्या म्हणाल्या, “तिला सांग की...”

“मला सांग ना,” आई म्हणाली. “मी इथेच बसलेय.”

मार्थामावशींनी डोळे उघडले. दोघी समोरासमोर एकमेकींकडे बघत राहिल्या.

“सात वर्षं!” मार्थामावशी ओरडल्या. “सात वर्षं लोक माझ्या घरी जेवताना आधी जीभ लावून बघतात! आणि तू दर गुरुवारी देवाला सांगतेस की मला सत्य ऐकवत नाही?”

“चुकलं म्हटलं ना!”

“कधी म्हटलंस? अजून म्हटलेलं नाहीस!”

“चुकलं! आता म्हटलं!”

“आमेन,” याकोबदादा डोळे न उघडता म्हणाले. प्रार्थना संपली असं त्यांना वाटलं असावं.

खोलीत हशा पिकला. मार्थामावशी हसत होत्या की रडत होत्या ते सांगणं कठीण होतं. आई उठली, दोघातिघांच्या मांड्यांवरून पाय टाकत दाराशी गेली आणि त्यांच्या शेजारी बसकण मारली. मार्थामावशींनी तिच्या पाठीत एक चांगला धपाटा घातला आणि मग तिच्याच पदराने आपले डोळे पुसले.

“झालं ना?” दारातून सुवार्ता म्हणाली. “साखळी माझ्यापर्यंत यायची आहे अजून.”

सगळ्यांनी मुकाट्याने पुन्हा डोळे मिटले. मीही मिटले. मला आतापर्यंत वाटत होतं की सगळं जमलं. तिचा आवाज ऐकून ती खात्री गेली.

“हे प्रभू,” सुवार्ता म्हणाली, “या खोलीत गेला अर्धा तास माझं लग्न चाललंय. उल्हासने तुला विचारलं. आईने तुला विचारलं. एस्तेरमावशींनी मीठ कुणी घातलं ते सांगितलं. मला अजून कुणीही काहीही विचारलेलं नाही. विचारल्यावर मी सांगेन. येशूच्या नावाने मागते, आमेन.”

या वेळी कुणी आमेन म्हटलं नाही. सगळे शहाणे झाले होते.

माझ्यापुढे आता आडोसा उरला नव्हता. मी डोळे उघडले. ती दारात उभी होती, हातात कपबशांचा ट्रे, आणि सरळ माझ्याकडे बघत होती. मला तीनदा मनात घोकायला वेळ मिळाला नाही.

“सुवार्ता,” मी म्हणालो, “माझ्याशी लग्न करशील?”

“नाशिकवाल्यांना कोण कळवणार?”

“मी. उद्या सकाळी फोन करतो.”

“काय म्हणून सांगशील?”

“की मुलीचं ठरलंय. माझ्याशी.”

“आणि ते चिडले तर?”

“तर ऐकून घेईन. पण फोन ठेवणार नाही.”

तिच्या ट्रेमधल्या कपबशा किणकिणल्या, तेव्हा मला कळलं की तिलाही धीर गोळा करावा लागतोय. हे मी तिच्या बाबतीत त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही फार वेळा नाही.

“हो,” ती म्हणाली. “करीन.”

गुलाबकाकांनी टाळी वाजवली आणि बायकोने डोळे वटारल्यावर थांबवली. पाळकसाहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “आता आपण प्रभूची प्रार्थना म्हणून समाप्त करू या. सगळे उभे राहा. एस्तेरबाई? मार्थाबाई?”

त्या दोघी जागेवर नव्हत्या. स्वयंपाकघरातून आवाज येत होता.

“अगं एवढी साखर? एवढी?”

“माझ्या घरात माझ्या चहाला किती साखर घालायची ते तू मला सांगणार?”

“मी नाही सांगणार तर कोण सांगणार? आणि बाहेर हो, आलं मी किसते. तू आलं कधी धुऊन घेतच नाहीस, बोर्डिंगात असल्यापासून.”

“बोर्डिंगात आलं तरी होतं का गं सटवे!”

पाळकसाहेब हात जोडून थांबले होते. सगळी मंडळी उभी होती आणि आतलं भांडण वाढत चाललं होतं, मध्येच हसण्याचा आवाज येत होता, पुन्हा भांडण.

“त्यांना बोलावू का?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“नको,” सुवार्ता म्हणाली. तिने ट्रे खाली ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. “तुम्ही सुरू करा, पाळकसाहेब. त्या आता लवकर येत नाहीत.”